बाईंच्या उजव्या हातातलं घड्याळ

“ऊठ,” बाई म्हणाल्या. “आजपास्नं भाकरी मी करणार.”

मी परातीपुढे बसले होते. पीठ मळून झालेलं, तवा तापत आलेला. माझ्या सासूबाई, त्यांना मी आणि सगळी गल्ली बाई म्हणायची, भिंतीला धरत धरत देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत आल्या होत्या आणि तेवढ्यानेच त्यांना धाप लागली होती. मी म्हटलं, बाई, गुडघ्यांना सोसणार नाही. त्यांनी पायानेच चौरंग पुढे सरकवला, माझ्या खांद्यावर भार देऊन पाय लांब करून बसल्या आणि परात आपल्याकडे ओढून घेतली. मी उठले. न उठून सांगते कुणाला?

बारा वर्षं त्या घरात भाकरी माझी होती. लग्न होऊन आले तेव्हा माझी पहिली भाकरी बाईंनी उचलून बघितली, वळवून बघितली आणि दारातल्या कुत्र्याला घातली. कुत्र्यानेही ती हुंगून सोडली, हे आल्यागेल्याला सांगायला त्या पुढची कित्येक वर्षं विसरल्या नाहीत. तिथून मी अशी शिकले, की गल्लीत कुणाकडे पाहुणे आले की भाकरीला मला बोलावणं यायचं. ज्वारीची, ताटाएवढी, पातळ, टम्म फुगणारी. बाईंनी तिला कधी चांगली म्हटलं नाही. पण गुडघे गेले तेव्हा परात माझ्या हवाली करून त्या उठल्या, त्या पुन्हा तव्याकडे फिरकल्या नाहीत. यातच काय ते कौतुक आलं, असं मी धरून चालले होते. त्या सकाळी त्यांनी तेही काढून घेतलं.

आणि घेतलं ते हातातलं घड्याळ न काढता. भाकरीला बसताना बायका बांगड्या मागे सारतात, अंगठी उतरवून ठेवतात. बाईंच्या मनगटावर ते काळं घड्याळ तसंच होतं. पहिल्या दोन थापांतच त्याच्यावर पीठ उडालं. माझ्या धाकट्या जावेने दिलेलं घड्याळ ते, पिठातसुद्धा काढवत नव्हतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. असली घड्याळं तेव्हा आमच्या बार्शीत कुणाच्या हातात दिसत नव्हती. माझे दीर शिरीष पुण्यात नोकरीला, त्यांची बायको मृणाल पुण्याचीच. जूनमध्ये दोघं दोन दिवसांसाठी आले आणि मृणालने ते घड्याळ बाईंच्या हाताला बांधलं. आईंना शुगर आहे, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, तर हे घड्याळ पावलं मोजेल, झोप मोजेल, छातीचे ठोके मोजेल. भावजींनी आपला एक जुना फोन देवघराच्या फळीवर ठेवला. घड्याळातलं त्या फोनमध्ये जायचं आणि फोनमधलं थेट पुण्याला, मृणालच्या हातात. कसं ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

आमच्या ह्यांचं, नंदकुमारांचं, बाजारात घड्याळांचं आणि गॉगलचं दुकान. भावजींनी ह्यांच्यामागे लकडा लावला की दादा, इथून पुढे असलीच घड्याळं खपणार, तू आत्ताच ठेवायला लाग. हे हसले. ह्यांचं म्हणणं, घड्याळ एकदा मनगटावर बांधलं की विसरून जायचं असतं. ज्याला दर दोन दिवसांनी चार्जिंग लागतं ते घड्याळ नव्हे, ते दूध मागणारं मांजर. तरी भावाचा शब्द म्हणून तीन नग मागवून काचेत मांडले. माणसं यायची, हातात घेऊन बघायची, बायकोचा फोन आला की ह्याच्यावर कळतं का विचारायची, आणि कळतं म्हटलं की परत ठेवून द्यायची. पेजर आला तसा गेला, हेही जाईल, असं शेजारचे सराफ सांगायचे. मीही तेच सांगायचे, जरा जास्तच जोरात. आज त्याच काचेत ह्यांच्याकडे दुसरं काही ठेवायला जागा नसते, ते सोडा.

दुकानात नसेल खपलं, घरात ते डोक्यावर बसलं. दारावर भाजीवाली आली की बाई तिच्यापुढे मनगट धरायच्या. काळीज किती पळतंय ते ह्यात दिसतं, धाकट्या सुनेनं आणलंय. भाजीवाली मग माझ्याकडे बघायची. त्याच बाईंच्या गुडघ्यांना मी रोज दुपारी तेल लावून शेक देत होते, पथ्याचं वेगळं रांधत होते, त्यांच्या खोकल्याच्या आवाजावरून ओळखत होते की हा पाण्याचा खोकला आहे की नुसता हाक मारायचा. त्याचा आकडा कुठल्या काचेवर उमटत नव्हता. मृणाल वर्षातून दोनदा येणार, आली की बाईंशेजारी बसून गप्पा मारणार, आणि एक पट्टा बांधला की झाली गुणाची सून. मला तिचा हेवा वाटत होता. उगाच दुसरं नाव कशाला देऊ?

रोज संध्याकाळी दिवे लागले की तिचा फोन यायचा. आवाज साखरेत घोळलेला. वहिनी, आज आईंची पावलं फारच कमी झालीत. वहिनी, काल त्यांची झोप तुटक दिसतेय, पंखा बंद होता का? वहिनी, दुपारी ठोके वाढले होते, काही बोलणं झालं का घरात? इतकी वर्षं मला सासू एकच होती. आता दुसरी पुण्यात बसली होती आणि तीही माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान.

जुलै संपता संपता भावजींचाच फोन आला. ह्यांनी तो स्पीकरवर लावला.

“वहिनी, तुमच्याकडून काही कमी पडतंय असं आम्ही म्हणत नाही,” भावजी म्हणाले. “पण...”

त्या ‘पण’च्या पुढे पुष्कळ होतं. त्यांच्या सोसायटीत लिफ्ट आहे, बाग आहे, बसायला बाकं आहेत. मृणाल घरूनच काम करते, ती आईला हाताला धरून चालवेल. इथे आई नुसती बसून असते, हे आकडेच सांगतात. दसऱ्यापर्यंत वाट बघू; आकडे सुधारले तर राहू दे तिथेच, नाहीतर आईला पुण्याला घेऊन जाऊ, कायमची. हे गप्प बसले. ह्यांचं गप्प बसणं म्हणजे कबूल असणं, हे मला संसारात फार लवकर कळलेलं. बाई खाटेवर पडून सगळं ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला इथंच ऱ्हायचंय, एवढं एक वाक्य त्यांनी म्हणायला हवं होतं. त्या कुशीवर वळल्या.

मी मनात म्हटलं, जा. एवढी ओढ असेल तर जरूर जा. आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडून रडले.

पुढच्या आठवड्यात भाचीचा साखरपुडा होता म्हणून मी दोन दिवस कुर्डुवाडीला जाऊन आले. ह्यांना विचारलं, जेवणाचं काय केलंत, तर म्हणाले बाईंनीच भाकरी टाकल्या, जमल्या तशा. मी पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच मृणालचा फोन. आज तिचा आवाज नाचत होता. आई काल आणि आज केवढ्या चालल्यात, कुठे गेल्या होत्या? मी फोन बाईंच्या कानाला लावला.

“भगवंताच्या देवळात जाऊन आले,” बाई म्हणाल्या.

भगवंताचं देऊळ आमच्या घरापासून लांब नाही, पण बाई वर्षभरात दारातल्या कट्ट्याच्या पुढे गेल्या नव्हत्या. मी वर्षानुवर्षं मागे लागले होते की बाई, अंगणात तरी दोन फेऱ्या मारा. माझ्यासाठी बाईंच्याने उंबरा ओलांडवत नव्हता. माझी पाठ वळायची खोटी, त्यांना पाय फुटले, आणि ते कुणासाठी, तर त्या पुण्याच्या काचेसाठी. मी हातपाय न धुताच स्वयंपाकाला लागले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी मला परातीवरून उठवलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात भाकऱ्यांचा कारखाना सुरू झाला. मुलगी लातूरला शिकायला, घरात आम्ही तिघं. आणि बाई दोन्ही वेळा गावजेवण असल्यासारख्या थापत बसायच्या. एक थापून झाली की मनाला न आल्यासारखी मोडायच्या, गोळा करायच्या, पुन्हा थापायच्या. इतकं करून भाकरी कडेला फाटलेली. खोटं कशाला बोलू, ती फाटलेली कड बघून मला बरं वाटायचं. उरलेल्या भाकरी शेजारी जायच्या, गाईला जायच्या, भाजीवालीच्या टोपलीत जायच्या, आणि तरी सकाळी आम्ही फोडणीचीच भाकरी खायचो. गिरणीतून दळण आणून आणून माझा खांदा दुखायला लागला.

घड्याळ आता बाईंनी डाव्या हातातून काढून उजव्या हातात बांधलं होतं. मला वाटलं, देवाचं तीर्थ देताना, कुंकू लावताना सगळ्यांच्या नजरेत भरावं म्हणून. एकदा न राहवून म्हटलं, बाई, भाकरीपुरतं तरी काढून ठेवा, पीठ आत जातंय. त्यांनी ‘ऱ्हाऊ दे’ म्हटलं आणि भाकरी तव्यात टाकून घड्याळाकडे बघितलं. नातवाचं तोंड पुसावं तसं त्या ते दिवसातून चारदा ओल्या फडक्याने पुसायच्या. संध्याकाळी गुडघ्यांबरोबर त्या खांदेही चोळून घ्यायला लागल्या. मी चोळत होते. तोंडाने काही बोलत नव्हते, पण हात जरा करकचून पडत असतील.

पुण्याला मात्र आनंदीआनंद होता. मृणाल म्हणायची, वहिनी, घड्याळाने जादू केली बघा. तिने म्हणे तिच्या तीन मैत्रिणींना आपापल्या आईसाठी तेच घड्याळ घ्यायला लावलं. ह्यांचीही जीभ वळली. गिऱ्हाइकापुढे, आमच्या आईला ह्या घड्याळानं चालतं केलं, असं सांगायला लागले आणि तीनपैकी एक नग विकूनही आले. बाई घरात चालत नाहीत हे ह्यांना दिसत नव्हतं का? पण सकाळी दुकान उघडायला गेलेला माणूस रात्री जेवायला येतो. मधल्या वेळात आई देवळात जात असेल, असं त्यांनी धरलं. मीही तेच धरलं होतं. मी दळणाला गेले, बाजाराला गेले की बाई गुपचूप जाऊन येत असणार. माझ्यासोबत जायचं नसेल, दुसरं काय?

दसऱ्याला दोघं आले. मृणालने बाईंसाठी पांढरे बूट आणले होते, त्या घड्याळाला शोभतील असे. दुपारी पुरणपोळ्या झाल्या. भावजी खुशीत होते. म्हणाले, आता पुण्याचा विषयच नको, आई इथेच ठणठणीत आहे. मला हायसं वाटलं आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखंही झालं, कारण बाई राहणार होत्या त्या माझ्यामुळे नव्हे, घड्याळामुळे. संध्याकाळी आपट्याची पानं ताटात काढली तेव्हा भावजी म्हणाले, चल आई, भगवंताला सोनं वाहून येऊ, चालतच. तू रोज जातेस तेवढंच तर आहे.

बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग “चला,” म्हणाल्या.

पुढे बाई आणि त्यांचा हात धरून मृणाल, मागे दोघे भाऊ, सगळ्यांच्या मागे ताट घेऊन मी. बाई नव्या बुटांत पाय ओढत होत्या. गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या कपाळावर घाम आला. गिरणीच्या कोपऱ्यावर त्यांनी मृणालचा हात सोडला आणि गिरणीच्या पायरीवर मटकन बसल्या. गिरणीवाले हरिभाऊ सोनं द्यायला बाहेर आले.

“बाई, वर्षानं दिसताय की,” ते म्हणाले, आणि मग मला, “वहिनी, दसऱ्याला आलेत हे पाहुणे, पण आधीपास्नं कोण मुक्कामाला हाय काय? दळण दुप्पट झालंय तुमचं.”

ह्यांनी स्कूटर आणून बाईंना घरी नेलं. आम्ही मागून चालत आलो. घरी आल्यावर बाई खाटेवर पडल्या आणि मृणाल फोन घेऊन बसली. कालची पावलं बघितली, परवाची बघितली. मग ती माझ्याकडे वळली. आवाज तिने शक्य तेवढा मऊ ठेवला होता.

“वहिनी, राग मानू नका. हे घड्याळ तुम्ही घालत होतात का?”

घरात सगळे माझ्याकडे बघत होते. हेसुद्धा. ह्यांच्या नजरेत प्रश्न दिसला तेव्हा माझं उरलंसुरलं भान सुटलं.

“न्या त्यांना,” मी म्हटलं. “उद्या नको, आत्ताच न्या. घड्याळ न्या, तो फोनही न्या. मी इतकी वर्षं काय केलं ते दाखवायला माझ्या हाताला काही बांधलेलं नव्हतं. तुमच्याकडे आकडे आहेत, तुम्ही खऱ्या.”

मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं. भावजी, ‘वहिनी, तसं नाही,’ असं काहीतरी पुटपुटले. मी ऐकायच्या पलीकडे होते. दोन महिन्यांपूर्वी ह्या बाईंनी एक वाक्य बोलायचं नाकारलं नसतं तर ही वेळ आली नसती, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

“नंद्या,” खाटेवरून बाई म्हणाल्या, “मला परातीपाशी न्हे.”

ह्यांना वाटलं आईला भ्रम झाला. पण बाई उठूनच बसल्या. ह्यांनी त्यांना आणून चौरंगावर बसवलं. बाईंनी डब्यातलं पीठ परातीत घेतलं, पाणी घातलं, मळलं. मी दारात उभी. मग त्यांनी मृणालला हाक मारली आणि शेजारी बसायला लावलं. उजव्या हातातलं घड्याळ तिच्यापुढे धरलं.

“किती आकडा हाय? बघून ठेव.”

आणि थापायला लागल्या. थाप, थाप, भाकरी परातीत गोल फिरत होती आणि बाईंचं मनगट वरखाली होत होतं. मृणाल घड्याळावर वाकली. भावजी तिच्या मागून वाकले. भाकरी पुरी व्हायच्या आत भावजी तिथेच खाली बसले.

“चालता येत न्हाई मला,” बाई म्हणाल्या. “पर ह्ये येडं थापण्यालाच चालणं समजतंय. रत्ना कुर्डुवाडीला गेली, मी भाकऱ्या टाकल्या, आन सांच्याला ह्या पोरीचा फोन आला की आज लई चाललाव. तवा ध्यानात आलं.”

“आई, पण मग सरळ सांगायचं ना, नाही यायचं म्हणून,” भावजी म्हणाले.

“लेक हौसंनं न्ह्यायला उठलाय, त्याला न्हाई कसं म्हणू? आकडा सुधारला तर ऱ्हाऊ देतो म्हनलास. म्हनून आकडा सुधारीत बसले.”

भाकरी त्यांनी तव्यात टाकली. नेहमीसारखी कडेला फाटली होती. मला त्या वेळी ती बघून बरं वाटलं नाही.

“माझं हात भरून आल्यात गं, रत्ना,” त्या म्हणाल्या. “घे, आता तू कर.”

मी पुढे झाले, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना पाटावर सरकवलं आणि परातीपुढे बसले. पिठात हात घालणार तेवढ्यात बाईंनी माझा उजवा हात धरला. आपल्या हातातलं घड्याळ सोडवलं, पिठाने भरलेलं होतं तसंच, आणि माझ्या मनगटाला बांधलं. त्यांना पट्ट्याचं भोक सापडेना तेव्हा मृणालने पुढे होऊन अडकवून दिलं.

“ह्ये पयल्यापास्नं हिच्या हाताला असतं,” बाई मृणालला म्हणाल्या, “तर एव्हाना पुण्याला जाऊन माघारी आली असती.”

मी मान वर केली ती मृणालकडे बघायला. ती माझ्या हाताकडे बघत होती. तोंडावर हसू होतं, पण ते ओठांपुरतं. तो चेहरा मी लगेच ओळखला. चार महिने मी तोच घालून हिंडत होते.

दुसऱ्या दिवशी दोघं पुण्याला गेले. बाई राहिल्या, त्यापुढची पाच वर्षं, अखेरपर्यंत. पांढरे बूट त्यांनी भाजीवालीला देऊन टाकले. घड्याळ मात्र मी काढलं नाही. बाईंचा मान म्हणून नव्हे. बघू दे म्हटलं तिला, आकडेच हवेत ना. पाणी भरताना, कपडे धुताना, दळणाला जाताना, बाईंना उठवताना-बसवताना, मी ते मुद्दाम हाताला ठेवलं.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला फोन आला. मी सवयीने तो बाईंकडे न्यायला निघाले.

“आईंना नको,” मृणाल म्हणाली. “तुमच्याशीच बोलायचंय.” मग म्हणाली, “चार दिवस बघतेय मी, वहिनी. तुम्ही बसता कधी?”

लग्नानंतर बावीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ह्यांनी नाही, बाईंनीही नाही. मी तशीच उभी होते, एका हातात फोन, दुसऱ्या हातात बाईंच्या तेलाची वाटी.

“आत्ता बसते,” मी म्हटलं, आणि उंबऱ्यावर बसले. त्या संध्याकाळपासून तिचा हेवा करणं मला जड जायला लागलं. सोडलं असं नाही, पण जड जायला लागलं.